पाण्याकाठचे वाशीम



दिंडीच्या शतकमहोत्सवी ग्रंथात वीणेकऱ्यांची परंपरा यावी, मुक्कामाची गावे यावीत, ज्यांनी आयुष्यभर टाळ खाली ठेवला नाही अशा माणसांच्या आठवणी याव्यात, हे ठीकच आहे. पण दिंडी जिथून उठते त्या मुलखाचाही एक इतिहास असतो. आपण पंढरीच्या चंद्रभागेबद्दल भरभरून बोलतो, आळंदीच्या इंद्रायणीबद्दल बोलतो, पैठणच्या गोदामाईबद्दल बोलतो. आपल्या वाशीमच्या पाण्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. म्हणून या लेखात वाशीम शहराच्या जुन्या पाण्याकाठाची, म्हणजे देव तलाव, पद्मतीर्थ आणि त्यांच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या वस्तीची हकीकत सांगायची आहे.

नहर का नाही, तळीच का?

आपल्यातले पुष्कळजण पुण्यात माऊलींच्या आणि तुकोबारायांच्या पालखीसोबत राहिलेले आहेत. माऊलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला असते. त्याच जुन्या पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पाणी आणले होते आणि पेठापेठांतल्या हौदांत सोडले होते. तिकडे औरंगाबादेत, म्हणजे जुन्या खडकीत, मलिक अंबराने त्याच्याही आधी शे-सव्वाशे वर्षे नहर काढली. नहरीचे पाणी जिथून गेले तिथे वस्ती झाली, बाजार झाला, मशिदी-मंदिरे झाली. शहर पाण्यामागे चालते ते असे.

मग कोणी विचारेल, आपल्या वाशीमला नहर का नाही? याचे उत्तर जमिनीच्या उतारात आहे. वऱ्हाडाचे जुने दोन भाग: खालचा पयनघाट आणि वरचा बालाघाट. वाशीम बालाघाटात, उंचावर. इथून नद्या निघतात, इथे येत नाहीत. काटेपूर्णा आपल्याच भागात उगम पावते आणि उत्तरेला घाट उतरून पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला आणि तापी पश्चिमेच्या समुद्राला. पूस, अरुणावती, अडाण यांचे पाणी दुसऱ्या बाजूने पैनगंगेकडे जाते; पैनगंगा वर्धेला, पुढे प्राणहितेतून गोदावरीला आणि मग पूर्वेच्या समुद्राला. म्हणजे घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस जसा दोन्ही पाखांनी वाहून जातो, तसे आपले पाणी. वाशीम आढ्यावर बसले आहे.

आता आढ्यावर बसलेल्या गावाने नहर आणायची कुठून? वरच्या अंगाला मोठी नदीच नाही. अशा गावाला एकच मार्ग उरतो: पडेल ते पाणी पडल्या जागी अडवायचे. म्हणून नहरीच्या शहरांत जे काम नहरीने केले, ते वाशीमला तळ्यांनी केले. हे नीट लक्षात घेतले म्हणजे पुढचा सगळा इतिहास आपोआप उलगडतो.

पंधराशे वर्षांपूर्वीचे सुदर्शन

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींनी इथे तप केले, त्यांच्यासाठी देव गोळा झाले, म्हणून वत्सगुल्म, अशी स्थळपुराणातली कथा. कथा बाजूला ठेवली तरी नाव खरे आणि जुने आहे. चौथ्या शतकात वाकाटक घराण्याची एक शाखा इथे राज्य करू लागली. तिचा मूळ पुरुष सर्वसेन. तो राजाही होता आणि प्राकृतातला कवीही होता. 'हरिविजय' हे त्याचे काव्य. त्याचा मुलगा विंध्यसेन. त्याचा ताम्रपट वाशीमलाच सापडला आणि १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा पट वत्सगुल्माहून दिल्याचे लिहिले आहे. याच घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही उत्तम लेणी कोरली गेली. राजशेखर नावाच्या कवीने तर काव्यपुरुषाचे आणि साहित्यविद्येचे लग्न वत्सगुल्म नगरात लावून दिले आहे! आणि ज्योतिषी भास्कराचार्यांनी लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेखेवर जी गावे मोजली, त्यांत परळी आहे, उज्जैन आहे आणि मधोमध आपले वत्सगुल्म आहे. शहरातल्या मध्यमेश्वराचे नाव याच मध्यरेखेशी जोडतात.

पण या सगळ्या राजवैभवातली मला सर्वांत मोलाची वाटते ती वस्तू राजवाडा नाही, लेणे नाही. तो एक दगड आहे. वाशीमपासून जवळच हिस्सेबोराळा गाव आहे. तिथे वाकाटक राजा देवसेन याच्या काळचा एक शिलालेख सापडला. त्यावर शक ३८० असे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन ४५७-५८. सप्तर्षी कोणत्या नक्षत्रात आहेत तेही नोंदले आहे. वाकाटकांचे बाकीचे लेख राजाच्या राज्यवर्षात मोजलेले असतात. शकाचे वर्ष दिलेला हाच. आणि लेख कशाबद्दल? युद्धाबद्दल नाही, दानाबद्दल नाही. देवसेनाचा अधिकारी स्वामिल्लदेव याने एक जलाशय बांधला, त्याचे नाव सुदर्शन ठेवले, याबद्दल.

याच सुमारास, तिकडे सौराष्ट्रात जुनागढला, गिरनारच्या पायथ्याशी एक दुसरे सुदर्शन तळे होते. मौर्यांच्या काळात बांधलेले, एकदा फुटून इसवी सन १५० च्या सुमारास दुरुस्त झालेले. ते पुन्हा फुटले आणि सम्राट स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यांनी ते ४५६ च्या सुमारास पुन्हा बांधून काढले. म्हणजे एकाच दोन-तीन वर्षांत, एक सुदर्शन गुजरातेत सावरले जात होते आणि एक सुदर्शन आपल्या वाशीमच्या शिवारात नव्याने भरत होते. सुदर्शन म्हणजे दिसायला सुंदर. सुदर्शन म्हणजे विष्णूच्या हातातले चक्रही. उन्हाळ्यात भरलेले तळे ज्याने पाहिले आहे त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

रोग हरणारी तळी

आता थोडे आख्यायिकांकडे. वाशीमच्या पद्मतीर्थाची गोष्ट जुन्या लोकांना माहीत आहे. हे तीर्थ विष्णूने निर्माण केले. वासुकी नावाच्या राजाला कोड झाले होते. लहानशा डबक्यात त्याने अंग धुतले आणि तो बरा झाला. उपकार फेडायचे म्हणून त्याने त्या डबक्याचे मोठे तळे केले.

आता कारंज्याला चला. तिथल्या करंज ऋषींना दुर्धर रोग झाला. त्यांनी अंबादेवीची आराधना केली. देवीने आपल्या देवळासमोर तळे निर्माण केले, त्यात स्नान करून ऋषी बरे झाले. मग शिरपूरला चला, जैन बांधवांच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला. तिथली कथा अशी की अचलपूरच्या राजाला त्वचेचा रोग होता, शिरपूरच्या पाणवठ्यावर त्याने हातपाय धुतले, तेवढा भाग शुद्ध झाला आणि मग त्याच पाण्यातून मूर्ती मिळाली.

बघा माऊली, एकच जिल्हा, तीन गावे, तीन वेगवेगळ्या परंपरा, आणि गोष्ट मात्र एकच. माणूस आजारी होता, पाण्याने बरा झाला, म्हणून पाणी देवाचे झाले. आपल्या आढ्यावरच्या मुलखात स्वच्छ पाण्याची काय किंमत होती, ते या कथा सांगतात. आजार पाण्याने जातो हे त्यांनी कथेत बांधून ठेवले. आजार पाण्याने येतोही, हे आपण विसरलो. वासुकीच्या गोष्टीत आणखी एक बारीक मुद्दा आहे. राजा बरा झाल्यावर त्याने नुसता नमस्कार केला नाही, सोन्याचा कळसही चढवला नाही. त्याने तळे मोठे केले. म्हणजे कुदळ-फावडे चालले, माती निघाली. नवस फेडण्याची रीत ही अशी होती.

भवानी काळूंचे तळे आणि भोवतीची वस्ती

आजचे जुने वाशीम ज्या रूपात आपण ओळखतो ते अठराव्या शतकातले, नागपूरकर भोसल्यांच्या अमलातले आहे. परचक्राच्या भीतीने पुरून ठेवलेली बालाजीची मूर्ती पुढे जमिनीत सापडली, एका घोडेस्वाराच्या काठीने माती उकरली आणि मूर्तीचे बोट दिसले, अशी कथा आहे. साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी १७७० च्या दशकात बालाजीचे मोठे देऊळ उभे केले. आणि देवळाबरोबर तळेही बांधले. तोच देव तलाव. देऊळ आणि तळे अशी जोडी आपल्याकडे जुनीच. देवाला स्नान हवे, पुजाऱ्याला सोवळे हवे, यात्रेकरूला पाय धुवायला हवेत. पण ही जोडी केवळ पूजेसाठी नव्हती. आश्विनातल्या बालाजीच्या यात्रेला हजारो माणसे आणि त्यांचे बैल येणार, ते काय पिणार, याचा हिशेब त्यात होता. आजही एखाद्या गावाने दिंडीचा मुक्काम मागितला तर चोपदार आधी काय विचारतो? पाण्याची सोय काय? जेवणाचे मागाहून.

तळे बांधले की नुसते पाणी साठत नाही, वस्ती साठते. चिरेबंदी काठाचे तळे झिरपते, आणि त्या झिरपीवर भोवतीच्या वाड्यांतले आड आणि विहिरी जिवंत राहतात. हे वरून दिसत नाही, पण जुन्या शहराचा जीव त्यात होता. घराच्या आडाला पाणी असेल तरच घर टिकायचे.

पाण्यावर धंदे उभे राहतात. वाशीम कापडासाठी नावाजलेले होते. १७६९ साली थोरल्या माधवराव पेशव्यांचा आणि जानोजी भोसल्यांचा कनकापूरला तह झाला, तेव्हा भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल द्यायच्या गोष्टींत वाशीम आणि बाळापूरच्या कापडाचा उल्लेख आला. राजकारणाच्या कागदात गावाच्या कापडाचे नाव यावे म्हणजे ते कापड काय असेल! आणि कापड म्हणजे पाणी. सूत भिजवायला पाणी, खळ लावायला पाणी, रंगवायला पाणी, धुवायला पाणी. विणकर, रंगारी, परीट यांचे हात दिवसभर ओले. कुंभाराला चिखल हवा, भोयाला मासोळी हवी. पहाटे काठावर घागरी, दुपारी बैल, सांजेला दिवे. गावातली बातमी आधी पाण्यावर पोचायची, मग चावडीवर. सासुरवाशिणीला माहेरची माणूस भेटायची ती बहुतेक पाण्यावरच.

पाण्याची दुसरी बाजू

पण खरे बोलायचे तर पूर्ण बोलावे. हा पाणवठा सगळ्यांना सारखा नव्हता. गावोगावी काही माणसांना काठावर थांबावे लागे. वरच्या माणसाने ओंजळीत पाणी ओतले तर प्यायचे, नाही तर तहानलेले परतायचे. ज्या पाण्यावर जनावर मोकळे जायचे त्या पाण्याला माणसाचा हात चालत नव्हता.

आपल्या संप्रदायाने याविरुद्ध फार आधी साक्ष दिली आहे. मंगळवेढ्याच्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, तिला नमस्कार केल्याशिवाय आपण आत जात नाही. नाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, हे आपण दर कीर्तनात ऐकतो. पण ऐकणे आणि आचरणे यांत शतके गेली. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने पिऊन हक्क सांगावा लागला. पंढरीत विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. गेल्या शंभरेक वर्षांतल्या या गोष्टी आहेत. एका दिंडीच्या आयुष्यात मावणाऱ्या. शताब्दीचा आनंद करताना याचीही आठवण ठेवली तर आनंद उणा होत नाही, खरा होतो. आज दिंडीत हंडा घेऊन चालणारी माय कोणाची जात विचारून पेला भरत नाही. हेच आपले शंभर वर्षांचे पुण्य म्हणायचे.

नळ आला आणि पाठ फिरली

तळ्यांचे दिवस कधी फिरले? परकीयांनी फोडली नाहीत, दुष्काळानेही बुजवली नाहीत. सोयीने बुजवली. शहराजवळ एकबुर्जीचे धरण झाले, पाणी नळाने घरोघर आले. बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली, ही फार मोठी गोष्ट झाली. तिला कोणी नाव ठेवू नये. जिने दिवसाला दहा खेपा केल्या तिला विचारा नळ म्हणजे काय.

पण ज्या दिवशी नळ घरात आला, त्या दिवशी घराची पाठ तळ्याकडे झाली. आधी तळे दारापुढे होते, मग ते मागच्या अंगाला गेले. आणि मागच्या अंगाला आपण काय टाकतो ते सर्वांना ठाऊक आहे. रोज पाणी भरणारा माणूस तळ्यात घाण पडू देत नाही, कारण सांजेला तेच त्याच्या ताटाशी येणार असते. पाणी भरणे थांबले की राखण थांबते. आधी गाळ साचतो, मग शेवाळ, मग सांडपाणी, मग कोणी म्हणतो, 'आता त्या डबक्याचं काय करायचं, बुजवून टाका, जागा होईल.' वासुकीने डबक्याचे तळे केले होते; आपण तळ्याचे डबके करतो.

यात आपला, म्हणजे भाविकांचाही वाटा आहे. निर्माल्य पाण्यात, जुने फोटो पाण्यात, रंग दिलेल्या मूर्ती पाण्यात, आणि वर म्हणायचे तीर्थ. फूल कुजते, ते चालेल. पण पिशवीसकट टाकलेले फूल कुजत नाही. पंढरीत वारी झाल्यावर वाळवंटाची काय दशा होते ते आपण पाहिले आहे. गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले. पूर्णेकाठी ऋणमोचनला त्यांनी घाटाचे काम उभे केले, पंढरीत धर्मशाळा बांधल्या, आणि कीर्तन रात्री करायचे तर दिवसा गाव झाडायचे हा नेम आयुष्यभर पाळला. त्यांनी देव पाहिला तो खराट्याच्या टोकाला.

गजानन महाराजांची अकोलीची गोष्टही आपल्याला पाठ आहे. भास्कर पाटलाने तहानलेल्या महाराजांना पाणी नाकारले, आणि महाराजांनी त्याच्याच वावराजवळची कोरडी विहीर भरून दिली. महाराजांची पालखी आज रिसोडमार्गे आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची भांडी भरून लोक उभे असतात. त्यांतला कोणी भास्कर पाटील होऊ इच्छीत नाही. पण आपल्या गावचे तळे आपण मरू दिले, तर पुढच्या पिढीच्या वारकऱ्याला पाणी नाकारणारे आपणच ठरू.

दिंडीने काय करावे

वैशाखात तळ्यांचे पाणी खाली जाते आणि ज्येष्ठात आपण वाटेला लागतो. मधले ते पंधरा-वीस दिवस गाळ काढण्याचे. गाळ हा कचरा नव्हे. वरच्या वावरांतून वाहून आलेली ती सुपीक माती आहे. जुने शेतकरी बैलगाड्या लावून तो नेत. सरकारनेही २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना चालवली, त्यातला विचार आजोबांचाच आहे. प्रत्येक गावच्या वारकऱ्यांनी निघण्याआधी आपल्या गावच्या एका पाणवठ्यावर एक दिवस द्यावा: एक तळे, एक बारव, एक आड, जे असेल ते. टाळकऱ्यांनी घमेली धरावीत, पखवाज काठावर वाजावा. निर्माल्यासाठी देवळाजवळ खड्डा करावा, त्याचे खत तुळशीला घालावे. खर्च फारसा नाही. पंगतीला जेवढी माणसे बसतात तेवढी जर फावड्याला आली, तर एका दिवसात काय निघणार नाही?

स्वामिल्लदेवाने तळे बांधले तेव्हा तो राजा नव्हता, राजाचा नोकर होता. भवानी काळूही दिवाण होते, छत्रपती नव्हते. गादीवरची घराणी गेली, वाकाटक गेले, भोसल्यांचा अंमल गेला. पाणी अडवणाऱ्या माणसांची नावे दगडात आणि लोकांच्या तोंडी राहिली.

शेवटी एक गोष्ट सांगतो, जी वाशीमकरांतल्याही पुष्कळांच्या ध्यानात नसते. एकबुर्जीचे धरण ज्या नदीवर बांधले आहे, जिचे पाणी शहराच्या नळाला येते, त्या आपल्या लहानशा नदीचे नाव चंद्रभागा आहे. शेकडो किलोमीटर चालून आपण पंढरीला चंद्रभागेत बुडी मारतो, बाटलीत तिचे पाणी भरून आणतो, देव्हाऱ्यात जपून ठेवतो. घरी आल्यावर नळ उघडतो, तीही चंद्रभागाच असते. देव्हाऱ्यातल्या बाटलीला आपण जेवढे जपतो तेवढेच हिलाही जपावे, एवढीच माऊलींच्या चरणी विनंती.

रामकृष्णहरी!